रुखवतातलं गेमचं मशीन

माझी चुलत बहीण हेमांगी हिला क्रोशा येत नाही. साखरेची फुलं, नारळाचा गणपती, तांदळाची सप्तपदी, यातलंही काही येत नाही. आमच्या कोरीट गावच्या बायांचं हे तिच्या तोंडावर सांगून झालंय, तेव्हा मीही सांगायला हरकत नाही. तिला येतं सोल्डरिंग. नंदुरबारच्या आयटीआयमध्ये इलेक्ट्रॉनिक्स शिकली, मग दोन वर्षं एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसली. गिऱ्हाईक यायचं, इकडेतिकडे बघायचं आणि विचारायचं, "कारागीर कुठं गेला?" ती मान वर न करता म्हणायची, "इथंच बसलाय. बोला."

तिचं लग्न तळोद्याच्या योगेंद्रशी ठरलं. पहिल्याच भेटीत हिनं सांगून टाकलं, लग्नानंतर मला स्वतःचं दुरुस्तीचं दुकान टाकायचंय. तो म्हणाला, "माझी काही हरकत नाही. फक्त आईला पटलं पाहिजे." आमच्याकडचे पुरुष याहून जास्त शूर होत नाहीत. मीही त्यातलाच.

त्याच्या आईला, सरलाबाईंना, पटवायचं कसं? हेमांगीनं ठरवलं, तोंडानं काही बोलायचं नाही, रुखवतात मांडायचं. नवरीच्या हातचं काम वरपक्षाच्या बाया डोळे ताणून बघतात, ती ही एकच जागा.

सारंगखेड्याच्या यात्रेत लहानपणी एक तंबू लागायचा. आत माणूसभर उंचीची व्हिडिओ गेमची मशिनं. रुपया टाका, दांडा फिरवा. पोरींना आत कुणी घेत नसे. तसलंच मशीन तिनं हातभर उंचीचं करायला घेतलं. भटू भंगारवाल्याच्या गोण्या उपसल्या. टच मेलेला पण स्क्रीन शाबूत असलेला एक मोबाइल मिळाला. तो झाला मशीनचा पडदा आणि मेंदूही. फुटक्या कीबोर्डमधली सर्किटची पट्टी त्याला जोडली. जुन्या माउसांमधली टकटक वाजणारी बटणं काढून चौफेर बसवली आणि मधोमध दांडा उभा केला. स्पीकर मेलेल्या टीव्हीचा, अंग मोडक्या शोकेसच्या प्लायवूडचं. फटीतून रुपया पडला की आतलं बटण दाबलं जाऊन खेळ सुरू. खेळ असा, की जीप दरडी चुकवत वर चढते. आम्ही त्याला धडगावचा घाट म्हणायचो.

पहिल्यांदा दांडा डावीकडे नेला की जीप उजवीकडे जायची. "संसारात असंच चालतं," मी म्हणालो. तिनं सोल्डरिंगची गरम सळई माझ्या नाकासमोर धरली. पुढचा सल्ला मी गिळून टाकला.

तिची आई, रंजनाकाकू, मात्र डोक्याला हात लावून बसली. "रुखवतमा डबडं मांडशी का? लोके काय म्हनतीन!"

लोक काय म्हणाले ते लग्नाच्या दिवशी कळलं. मांडवात लाडू-करंज्यांच्या ओळीत ते मशीन वर लाइट लावून उभं होतं. नवरदेवाची आजी तापीबाई समोर येऊन थबकली. छोटंसं कपाट, आत उजेड, पुढं चौथरा. तिला वाटलं देव्हाराच. तिनं दांड्याला हळदकुंकू लावलं, तांब्यातलं पाणी शिंपडलं आणि फटीत रुपया टाकला.

मशीन ढॅण ढॅण करून वाजायला लागलं.

"जागृत शे व माय!" तापीबाईनं हात जोडले. मागच्या दोघीतिघींनीही जोडले.

मग मांडवभर हसू फुटलं. पण पाणी आत गेलं होतं. जीप डावीकडच्या दरडीला चिकटली ती हलेचना. हल्ली रुखवत भाड्यानंही मिळतं, तेव्हा एक बाई मोठ्यानं म्हणाली, "भाडाना रुखवत शे हाई. आते कोन हातनं करस?"

सरलाबाई पुढं आल्या. "कोनी करं हाई?"

काकूचं तोंड उतरलं. हेमांगी मशीनपाशी आली. मुंडावळ्या मागं टाकून शालूसकट खाली बसली. नवरीच्या मेकअपच्या पेटीतून लिपस्टिक निघते. हिच्या पेटीतून पेचकस निघाला. मागची फळी उघडून तिनं बटणं बाहेर काढली, पार्लरवाल्या रूपालीकडून केस वाळवायचं मशीन मागून घेतलं. गुरुजी मुहूर्ताची आठवण करून देत होते. ही मान न वळवता म्हणाली, "कुणीतरी जरा टॉर्च धरा ना."

टॉर्च धरली ती सरलाबाईंनी. कुणाला हुकूम सोडला हे हिला ठाऊकच नाही. "थोडी खाली. आता डावीकडे. हलवू नका." आणि तळोद्याच्या सरलाबाई, ज्यांच्यापुढं योगेंद्र चहासुद्धा विचारून पितो, टॉर्च खाली, डावीकडे, न हलवता धरून बसल्या.

कापसाच्या बोळ्यानं हळद पुसली, बटणं वाळवली, फळी बसवली. हेमांगीनं दांडा फिरवला. जीप सुटली, दरडी चुकवत वर निघाली. तेव्हा तिनं मान वर केली, टॉर्चमागचा चेहरा पाहिला आणि लाल झाली.

खरं सांगतो, मी त्या मांडवात ओळख नसलेल्यांनाही पकडून सांगत होतो, "मन्ही बहीण शे ती."

सरलाबाईंनी स्वतः दोनदा खेळून बघितलं. दोन्ही वेळा जीप दरीत घातली. मग विचारलं, "दुकानले कितली जागा लागस?"

योगेंद्रला तेवढ्यात कंठ फुटला. "आई, मी तर म्हणतच होतो की..."

"तू चूप बस. जी करस तिले इचारी ऱ्हायनी मी."

हेमांगीनं हात पसरून माप दाखवलं. "एक टेबल मावलं तरी बस. पन पाटीवर मन्हं नाव."