म्हशीपुढं तेराचा पाढा

गोठ्यात शेण साठतं तसे आमच्या घरात किस्से साठतात. रोज काढा, सकाळी पुन्हा हजर! सध्या सगळे तेराच्या पाढ्याचे. नात ईश्वरी चौथीत. शनिवारी परिपाठाला सगळ्या शाळेपुढं तिला तो म्हणायचा होता, अन् तेर पाचेच्या पुढं पोरीची बोबडी वळायची. रडून म्हणायची, "आबा, सगळी हसत्याल मला."

*

सूनबाईंनी पाढ्याचा तक्ता फ्रीजच्या दाराला चिकटवला. येता-जाता वाचायचा म्हणे. पोरगी वाचायला गेली की दारही उघडायची. तेर सक काही आलं नाही, सर्दी मात्र आली.

*

मग मुलानं मोबाईलवर पाढ्यांचं गाणं लावून दिलं. शुगर फॅक्टरीत इंजिनियर आहे. बटण दाबलं की सगळं चालू होतं, असं त्याला वाटतं. पोरीला गाण्यामधली टूथपेस्टची जाहिरात तोंडपाठ झाली. तीही हिंदीत!

*

शेवटी केस माझ्याकडं आली. मी तिला धारा काढायला बसवलं. पुढचे दोन सड तिचे, मागचे माझे. बादलीत धार पडली की एक ओळ म्हणायची. म्हस डोळे वटारत नाही, छडीही उगारत नाही. पाढा सुरळीत व्हायला लागला. सूनबाईंनी विचारलं, कुठल्या क्लासला घातली? म्हटलं, "घरचाच क्लास हाय. मास्तरीण तेवढी शिंगवाली."

*

एकदा ईश्वरी मामाकडं केडगावला गेली, तर म्हशीनं पान्हाच चोरला. मी मुलाला हाक मारली. म्हटलं, पाढा म्हण, त्याबिगर ती दूध सोडत न्हाई. साहेब ड्यूटीच्या कपड्यात गोठ्यात उभे. तेर चोकपर्यंत आले अन् हळूच खिशातून मोबाईल काढला. म्हशीनं अशी लाथ झाडली, बादली आडवी!

म्हटलं, "बघ, तिला बी कॉपी चालत न्हाई."

*

शनिवार उजाडला. मी शाळेच्या कंपाऊंडला टेकून. ईश्वरी पुढं आली. तेर पाचेला आवाज बारीक झाला, पुढं बंदच. पोरं खुसखुसायला लागली.

पोरीनं डोळे मिटले, उकिडवी बसली, अन् दोन्ही मुठी हवेत खालीवर चालू झाल्या. तेर सक अठ्ठ्याहत्तर! तिथून जी सुटली ती थेट तेर दाहे एकशे तीस. टाळ्या पडल्या. मुठी मात्र चालूच.

सर म्हणाले, "ईश्वरी, पाढा संपला. ऊठ आता."

डोळे न उघडताच ती म्हणाली, "पाढा संपलाय, सर. दूध कुठं संपलंय?"