कशावरून बाई आणि वेशीवरचा वीर

आमच्या इतिहासाच्या बाईंना खुर्चीचं वावडं होतं. वर्गभर येरझाऱ्या घालायच्या आणि कुणी काही ठासून बोललं की त्याच्यासमोर थबकून विचारायच्या, "कशावरून?" चाकणजवळच्या आमच्या गावात त्यांचं खरं नाव मागे पडलं, कशावरून बाई तेवढ्या उरल्या.

नुसत्या धड्यात त्यांचा जीव रमत नसे. एकदा त्यांनी अख्खा वर्ग वेशीवरच्या वीरगळापाशी नेला. दसऱ्याला त्या दगडापुढे पहिला नारळ आमच्या घरचा फुटायचा, कारण लढाईत पडलेला तो वीर आमचा पूर्वज, असं गाव मानायचं. मी ऐटीत पुढे होऊन माहिती सांगू लागलो.

"ऐकलेलं नको. दिसतं ते सांगा," बाई म्हणाल्या. पर्समधला आरसा काढून त्यांनी दगडावर तिरपं ऊन पाडलं. शेंदराच्या थरांतून तलवार उगारलेला माणूस दिसू लागला आणि त्याच्या खाली गाई.

"म्हंजे ह्यो गुरं सोडवताना मेला असंल," एकजण म्हणाला.

गॅरेजवाल्या चाचांची शबाना दगडाच्या चारी बाजूंनी फिरून आली. "बाई, नाव तर कुठंच नाही. मग हा यांचाच कशावरून?"

सगळे माझ्याकडे बघू लागले. मला तिचा राग आला आणि बाईंचा त्याहून जास्त.

दुसऱ्या दिवशी वडील शाळेत धडकले. "आमचा मान काढताय व्हय, बाई? जमीन कंपनीत गेली, गोठा गेला. यवढंच ऱ्हायलंय."

बाई प्रथमच एका जागी उभ्या राहिल्या. "मान तुमचाच राहू द्या, दादा. पण प्रश्न विचारू नका, असं पोरांना मी नाही सांगणार."

वडील पाणीही न पिता परतले. पुढे बाईंची बदली झाली. शेवटच्या दिवशी माझ्या बाकापाशी थांबून त्या म्हणाल्या, "सापडलं उत्तर?" मी नकारार्थी मान हलवली. "मग शोधत राहा."

ती रुखरुख अजून सुटलेली नाही. कंपनीत साहेबांनाही मी कशावरून म्हणून विचारतो आणि त्यापायी माझं प्रमोशन अडतं, असं बायकोचं म्हणणं. बाईंची फार आठवण येते.

वडिलांनंतर यंदा नारळ माझ्या हाती आला. दिवस कलला होता, भावकी खोळंबली होती. लेकीनं विचारलं, "पप्पा, हे आपले कोण?"

उत्तर ओठांवर आलं होतं. मी नारळ खाली ठेवला, मोबाईलची बॅटरी लावून तिच्या हातात दिली आणि म्हणालो, "तिरपी धर. काय दिसतं ते सांग."