सात स्क्रू आणि दहा फुटांची भिंत

माझ्या डाव्या घोट्यात धातूची एक पट्टी आणि सात स्क्रू आहेत. ऑपरेशन अकोल्याला झालं. शुद्धीवर आले तेव्हा पहिला आवाज कानावर पडला तो सासऱ्यांचा. बाबांचं जळगाव जामोदला हार्डवेअरचं दुकान आहे आणि ते डॉक्टरांना विचारत होते, "साहेब, स्क्रू गंजणार तं नाही ना?"

"नाही हो. टायटॅनियमचे आहेत."

"मंग वायसर काऊन नाही टाकलं?"

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पुन्हा बेशुद्ध होण्याचा प्रयत्न केला, पण जमलं नाही.

मी शाळेत खेळाची शिक्षिका. सातपुडा आमच्या गावाच्या उशाला, त्यामुळे दर रविवारी आमचा सात-आठ जणांचा गट दोर घेऊन कडे चढायला जातो. पडले त्या रविवारी मी दीडशे फुटांचा कडा चढले, दोरावरून सुखरूप खाली आले, कमरेचा पट्टा सोडला, पाणी प्यायले. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "मॅडम, एक फोटो!" शेजारी माणसाच्या उंचीचा एक दगड होता. मी त्यावर चढले, कमरेवर हात ठेवले, हनुवटी वर केली आणि पडले. (फोटो आला आहे. त्यात नुसता दगड दिसतो.)

घरी आले तर गावात बातमी पोचलेली होती, की बाई साठ फुटांवरून पडली! साठ हा आकडा सासूबाईंचा. त्यांना मी आई म्हणते. पहिल्या भेटीला आलेल्या बाईंना त्यांनी तो सांगितला आणि पुढे लोकांनी त्यात आपापल्या ऐपतीप्रमाणे भर घातली. दिवाळीपर्यंत मी दोनशे फुटांवर गेले होते आणि खाली अस्वल होतं. लोक कौतुकानं बघायचे आणि मी डोळे मिटून घ्यायचे. "लय दुखत असन बिचारीले," असं म्हणून ते हळूच उठायचे. दुखत होतंच, पण डोळे मी लाजेनं मिटत होते.

दीड महिना पाय जमिनीला टेकवायचा नव्हता. दिवसभर मी पुढच्या खोलीतल्या पलंगावर, पाय दोन उशांवर. शेजारच्या शमीमभाभी शिवणकाम करतात. त्या दर शुक्रवारी स्टीलच्या डब्यातून बकऱ्याच्या पायाचं सूप आणायच्या. हाड जुळायला त्याच्यासारखं काही नाही, असं त्यांचं म्हणणं. आमच्या घरात अंडंही चालत नाही. आई डब्याकडे बघायच्या, शमीमभाभींकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "मी तुळशीले पाणी घालून येतो. मले यायले पंधरा मिनिटं लागतीन." आमची तुळस एवढीशी आहे!

प्लास्टर निघालं तेव्हा आत जो पाय होता तो माझा नव्हताच. वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा कुणाचा तरी पाय मला जोडून दिला होता. फिजिओथेरपीच्या डॉक्टर बाईंनी सांगितलं की अंगठ्यानं हवेत रोज एबीसीडी लिहायची, म्हणजे घोटा सगळ्या बाजूंनी फिरतो.

"एबीसीडी काऊन?" आईंनी विचारलं. "आपले अक्षरं काय पायानं लिवता येत नाहीत?"

त्या दिवसापासून मुळाक्षरं सुरू झाली. आईंचा गुडघा बरीच वर्षं दुखतो, म्हणून त्याही समोर खुर्चीवर बसून पाय हलवायच्या आणि माझ्यावर लक्ष ठेवायच्या. इंग्रजी अक्षरं घोट्याला सोपी असावीत, पण आपला ‘ळ’ लिहून बघा! ‘क्ष’ला मला घाम फुटायचा, ‘ज्ञ’ला डोळ्यांत पाणी यायचं.

"ळ अर्धा राह्यला, वं."

"आई, दुखतंय."

"मंग अर्धाच ठेवतं का जन्मभर? काढ पुरा."

शिमग्यापर्यंत मी चालू लागले. डॉक्टर म्हणाले, हाड पक्कं जुळलंय, सोपं चढायला हरकत नाही. गटातल्या लोकांचे फोन येऊ लागले. आणि मी खोटं बोलू लागले. एका रविवारी शाळेचे पेपर, दुसऱ्या रविवारी पाहुणे, तिसऱ्या रविवारी पोट. खरी गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. फळीवरचा डाळीचा डबा काढायला स्टुलावर चढले होते, फूटभर उंच स्टूल, आणि माझे दोन्ही पाय शिवणयंत्रासारखे थडथडायला लागले. डबा तिथेच ठेवून मी खाली बसून राहिले. त्या दिवशी आम्ही वरण केलं नाही. हाड जुळलं होतं, पण आत दुसरंच काहीतरी मोडलेलं होतं आणि ते कुठल्याही एक्स-रेत येत नव्हतं.

म्हणून मी ठरवलं की आधी एकटीनं, कुणी बघत नसताना, घरीच करून बघायचं. आमच्या घराची मागची भिंत काळ्या दगडाची, गिलावा न केलेली आहे. उंची दहा फूट. वर स्लॅब. जिना बांधायचा राहून गेलाय, स्लॅबवर जायला लोखंडी शिडी आहे. त्या गुरुवारी सासू-सासरे शेगावला दर्शनाला गेले. माझा नवरा विनोद पाण्याच्या मोटारी दुरुस्त करतो. तो कुठलासा पंप बसवायला शिडी घेऊन गेला. घर रिकामं होतं. मी साडी बदलून ड्रेस घातला, बूट चढवले आणि भिंतीला हात लावला.

चढले हो! दगडांच्या फटीत बोटं अशी बसली की जणू वाटच बघत होती. दोन मिनिटांत स्लॅबवर. मी हात वर करून स्वतःचं अभिनंदन केलं, मग उतरायला वळले आणि खाली पाहिलं.

चढताना हात डोळ्यांसमोर असतात. उतरताना पाय कुठे पडणार ते दिसत नाही. काठाशी मी पोटावर पालथी पडून एक पाय खाली सोडला, वर घेतला. पुन्हा सोडला, पुन्हा वर घेतला. असं सात-आठ वेळा झाल्यावर मी स्लॅबच्या मधोमध जाऊन मांडी घालून बसले. फोन खाली चार्जिंगला होता. दीडशे फुटांचे कडे चढणारी बाई स्वतःच्या घरावर अडकली होती!

तासाभरानं मागचं दार वाजलं. सासू-सासरे संध्याकाळी यायचे ते दुपारीच आले होते. ओळखीच्या कुणाची तरी गाडी मिळाली म्हणे. बाबा परस्पर दुकानात गेले आणि आई हात-पाय धुवायला मागच्या अंगणात आल्या. त्यांनी वर पाहिलं.

"काऊन वं? तथी काय करून राह्यली?"

"ऊन घेतेय आई. डॉक्टरांनी सांगितलंय. हाडाला."

"शिडी कुठी हाय?"

"विनोदनं नेली."

आईंनी भिंतीकडे पाहिलं, माझ्या बुटांकडे पाहिलं. "बरं. झालं असन ऊन तं उतर."

"उतरते. थोड्या वेळानं."

त्या ओट्यावर बसल्या. दहा मिनिटं वाट बघितली. मग उठल्या आणि कुंपणाशी जाऊन हाक मारली, "शमीम! तुही लाकडाची शिडी आन वं. आमची सून वर जाऊन बसली."

शमीमभाभी शिडी घेऊन आल्या. "काकू, सीढी जुनी हाय. मी धरतो खालून, तिले उतरू द्या आहिस्ता."

शिडी लागली. मी काठापर्यंत गेले आणि परत आले. पाय शिडीवर टाकायचा म्हणजे आधी काठावरून मागे वळायचं, आणि तेच मला जमत नव्हतं. "मी नाही उतरू शकत," मी म्हणाले आणि मला रडूच फुटलं. चांगली बेचाळीस वर्षांची बाई मी!

आईंनी पदर खोचला. "धर शमीम. मी वर जातो."

"काकू, तुमचा गुडघा!"

"गुडघा माह्या सोबतच येते."

एकेका पायरीला ‘माय वं’ म्हणत त्या वर आल्या. शेवटून दुसरी पायरी त्यांच्या पायाखाली कडकन वाजली, पण तोवर त्या स्लॅबवर होत्या. माझ्याजवळ बसल्या, धाप लागली होती. मला राहवेना.

"आई, मी साठ फुटांवरून नाही पडले. एवढ्याशा दगडावरून पडले. फोटोसाठी उभी होते."

"माहीत हाय मले. विनोदनं तवाच सांगतलं."

"मग लोकांना साठ फूट काऊन सांगितलं?"

"मंग काय सांगू? सुनेले उभं राहता येत नाही म्हून?"

मी रडता रडता हसले. आई सातपुड्याकडे बघत होत्या. मग म्हणाल्या, "तुह्या सासऱ्यानं मले लुना घेऊन देल्ली होती. विनोद तिसरीत होता. मी चालवे. बजारात जाये, माहेरी जाये. एक दिवस चौकात पडली. लागलं काहीच नाही, कोपर खरचटलं. पन लोक हासले. मंग आज चालवू, उद्या चालवू, असं करता करता लुना इकून टाकली."

"मला कधी बोलल्या नाहीत."

"काय बोलू? कोपर आठ दिवसात बरं झालं. ते लुनाचं अजून दुखते."

खाली शमीमभाभी शिडी धरून ताटकळत होत्या. शेवटी आई उठल्या. "चाल. आधी मी उतरतो, तू माह्या मांगं ये." त्या काठाशी गेल्या, खाली वाकल्या आणि तशाच मागे सरकल्या.

"अवं माय! येतानी तं हे एवढं उंच नव्हतं!"

"काकू, उतरूच नका!" शमीमभाभी ओरडल्या. "पायरी तुटली!" त्यांनी शिडी हलवून पाहिली तर पायरी निखळून त्यांच्या पायाशी पडली. आता वर दोघी होतो.

शमीमभाभींच्या ओरडण्यानं गल्ली जमा झाली. कुणीतरी दुकानात सांगितलं, तसे बाबा धावत आले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं नाही, तुटलेल्या पायरीकडे पाहिलं. "खिळे कोनाच्या दुकानातले हायेत हे? पाह्य, एक इंची मारले!"

"अहो, आम्ही वर हाओत!" आई गरजल्या.

आणि त्या क्षणी मला एकदम सुचलं. "बाबा, माझ्या पलंगाखाली दोराची निळी पिशवी आहे. ती वर फेका."

सहा महिन्यांनी मी दोराला हात लावत होते. आमच्या स्लॅबवर वरच्या मजल्याच्या आशेनं सोडलेल्या कॉलमच्या सळया उभ्या आहेत. त्यातल्या दोन कॉलमना मी दोर बांधला. खालून बाबा म्हणाले, "सळया आपल्याच दुकानातल्या हायेत, बारा एमएमच्या! बिनघोर हत्ती लटकव!"

"हत्ती कोनाले म्हणून राह्यले हो?" आई काठाशी आल्या. भीती क्षणभर विसरल्या होत्या.

साडीचा काष्टा घालून त्यावर मी आईंना कमरेचा पट्टा चढवला. गाठ तीनदा तपासली. सगळं लक्ष आईंच्या कमरेवर आणि त्या गाठीवर होतं, स्वतःकडे बघायला वेळच नव्हता.

"आई, पाय भिंतीला टेकवा. मागं वाका. दोर माझ्या हातात आहे."

"सोडशीन तं नाही?"

"नाही."

त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं आणि मागे वाकल्या. एक पाऊल, दुसरं पाऊल. अर्ध्या भिंतीवर त्या म्हणाल्या, "थांब!" मी दोर आवळून धरला.

"काय झालं?"

"काही नाही. थांब जराशी. मले पाहू दे." दोराला लटकून त्या सावकाश मान वळवून आमचं अंगण, शमीमभाभींचं न्हाणीघर, जमलेली गल्ली असं सगळं बघत होत्या. चेहरा असा की जत्रेत पाळण्यात बसल्यात! टेकल्या तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. शमीमभाभींनी त्यांना मिठीच मारली.

आता वर मी एकटी. मी पट्टा वर ओढून घेतला, बांधला, काठाशी पाठ करून उभी राहिले आणि पाय पुन्हा शिवणयंत्र झाले.

"पाय भिंतीले टेकव!" खालून आईंचा आवाज. त्यांना या विषयाचा आता दोन मिनिटांचा अनुभव होता. "मांगं वाक! अजून वाक! अंग चोरू नको!"

वीस वर्षं मुलांना मी हेच सांगत आले. पण त्या वेळी ते दुसऱ्या कुणीतरी सांगायला हवं होतं. मी वाकले. पाय थडथडतच होते, थडथडतच खाली आले. जमिनीवर टेकले तेव्हा आईंनी माझा घोटा दाबून पाहिला आणि म्हणाल्या, "चाल, चहा टाक."

चहा उकळत असताना विनोद आला. खांद्यावर शिडी. "काय झालं? एवढी गर्दी काऊन?" आईंनी त्याच्या खांद्यावरची शिडी काढून घेतली आणि भिंतीला लावून ठेवली.

पुढच्या रविवारी मी कड्यावर गेले. आईही आल्या, डबा घेऊन झाडाखाली बसल्या. मी सगळ्यात सोपा दगड निवडला. बारा फूट चढले, मध्ये दोनदा थांबले, एकदा रडले आणि खाली आले. गटात त्या दिवशी अकोल्याहून एक कॉलेजातली मुलगी नवी आली होती. मला बघून तिला माझी दया आली असावी. तिनं आईंना हळूच विचारलं, "काकू, या मॅडम पहिल्यांदाच आल्या का?"

वीस वर्षांचा अनुभव, चार प्रमाणपत्रं आणि शाळेतली नोकरी पाठीशी घेऊन मी तोंड उघडणार, तेवढ्यात आई डब्यातली भाकर तिच्या हातावर ठेवत म्हणाल्या, "हाव माय, नवीनच हाय. पन शिकन हळूहळू."