घड्याळजींचा कान

घशाच्या कॅन्सरसाठी घड्याळजींची किमो चालू होती. दुसऱ्या डोसनंतर त्यांच्या कानात सारखी शिट्टी वाजू लागली. डॉक्टर दर वेळी विचारायचे, "ऐकू नीट येतं ना?" औषध बंद करतील या भीतीने घड्याळजी हो म्हणायचे.

एकदा एक निवृत्त शिक्षिका नवऱ्याच्या जुन्या घड्याळाचा पट्टा बदलायला आल्या. त्याला सेकंदकाटा नव्हता. घड्याळजींनी सवयीने ते कानाला लावलं. "बंद पडलंय, बाई. उघडावं लागेल."

बाईंनी ते आपल्या कानाशी नेलं. "अहो, चालतंय की चांगलं."

दुकानात शेजारी बसलेल्या बायकोने घड्याळजींकडे पाहिलं. चाळीस वर्षं कानाने घड्याळं पारखणारा माणूस शरमेने अर्धा झाला.

दुसऱ्या दिवशी तीच त्यांना दवाखान्यात घेऊन गेली. "खोटं बोललो तुमच्याशी," त्यांनी मान खाली घालून सांगितलं.

कान तपासून डॉक्टरांनी औषध बदललं. "आधी सांगायचं होतं, काका. गेलं ते परत यायचं नाही, उरलेलं सांभाळू."

पुढे गाठ गेली, दुकानही पुन्हा नीट चालू झालं. पण बाई समोरून जाताना दिसल्या, की घड्याळजी अजून काउंटरखाली उगाच काहीतरी शोधत बसतात.