मावशींचा अंदाज

मावशींचा अंदाज चुकला, असं अकरा वर्षांत कुणी ऐकलं नव्हतं. हॉस्पिटलच्या मागच्या अंगाला, लॉन्ड्रीला चिकटून आमचा वॉर्ड. घरच्यांना नकोशी झालेली म्हातारी माणसं इथे भरती व्हायची आणि लिहून दिलेला पत्ता हमखास खोटा निघायचा. मी नर्स, मावशी आया. पण वॉर्ड चालायचा त्यांच्याच शब्दावर.

पेशंट आला की त्या आधी त्याची पिशवी उघडत. दोन कपडे आणि टॉवेल असला तर नातेवाईक परत येणार. जुने फोटो, भर उन्हाळ्यात स्वेटर असं काही निघालं, की मावशी म्हणत, "सिस्टर, हे पार्सल परत जायचं नाही." आम्ही हसायचो. हसलो नसतो तर तिथे टिकलोच नसतो. नियम पंधरा दिवस वाट बघायचा होता, पण खाटा कमी. मी 'बेवारस' अशी चिठ्ठी लिहायची, आणि चार दिवसांत त्या माणसाची रवानगी गावाबाहेरच्या आश्रमात.

त्या उन्हाळ्यात एका म्हाताऱ्या सुताराला त्याचा मुलगा सोडून गेला. पिशवीत दोन स्वेटर आणि कानटोपी. मावशींनी माझ्याकडे पाहिलं आणि मी चिठ्ठी लिहिली. चौथ्या दिवशी आश्रमाची गाडी आली, तेव्हा काकांनी खाटेचा गज घट्ट धरला.

"मला हलवू नका हो. पोरगा इथेच शोधत येईल."

"सगळ्यांचेच येतात, काका," म्हणत मावशींनी त्यांचं एकेक बोट सोडवलं. जीव तुटला माझा, पण गाडी खोळंबली होती.

दहाव्या दिवशी मुलगा आला. डोक्याला टाके, हात गळ्यात. वडिलांना सोडून परतताना त्याला ट्रकने उडवलं होतं. शुद्धीवर येऊन दोनच दिवस झाले होते. घरात बापलेक दोघंच, कळवणार कोण?

"बाबा कुठेत? पंख्याखालीही त्यांना थंडी वाजते. स्वेटर घालता ना?"

काका आदल्या दिवशीच आश्रमात वारले होते. मी कसंबसं सांगितलं. तो भिंतीला टेकून खाली बसला. मावशींचा हात धरून त्याने विचारलं, "माझी आठवण काढली का हो त्यांनी?"

"रोज. येईल म्हणत होते. मीच ऐकलं नाही रे. मीच पाठवलं त्यांना."

त्याने हात सोडला. चिठ्ठी कुणी लिहिली, हे मावशींनी त्याला सांगितलं नाही. मीही नाही.