डाव्या गालावरचा मस

भूपाल मगदूम वारले, तेव्हा त्यांचा मोठा फोटो करून घ्यायचं काम त्यांच्या थोरल्या बहिणीनं, पद्माक्कांनी, अंगावर घेतलं. पद्माक्का लोणंदला दिलेल्या. तिथल्या एका स्टुडिओत त्यांनी भावाच्या आधार कार्डाची झेरॉक्स दिली आणि पंधरा दिवसांनी भलीमोठी फ्रेम चादरीत गुंडाळून एसटीनं कुंडलला आणली.

चादर सोडली. आत निळा सूट, लाल टाय, गोरापान रंग, लोण्यासारखे गाल आणि मागं बर्फाचे डोंगर.

आक्काताईंनी नवऱ्याचा तो फोटो बराच वेळ बघितला आणि विचारलं, "ह्ये कोण?"

"असं काय करतीस गं? भूपाल न्हाई का," पद्माक्का म्हणाल्या.

"ह्यांचा मस कुठाय?"

मस खरोखरच नव्हता. भूपालअण्णांच्या उजव्या गालावर हरभऱ्याएवढा मस होता आणि त्यावर तीन केस. पैजेवर ऊस सोलताना वरचा एक दात गेलेला. डोक्यावरची टोपी जन्मात सरळ बसली नाही. चौतीस वर्षं आक्काताईंनी ह्या माणसाशी संसार केला होता, आणि स्टुडिओवाल्यानं अर्ध्या तासात त्याला पुसून एखाद्या बँकेचा मॅनेजर करून ठेवला होता.

फ्रेम पुढच्या सोप्यात लागली. आक्काताई जाता-येता तिचं तोंड भिंतीकडं करायच्या. मुलगा गोमटेश ती परत सरळ करायचा. दिवसातून चार-पाच वेळा हे चालायचं. दोघंही त्याबद्दल एक शब्द बोलत नव्हते. आक्काताई तशाही कमीच बोलायला लागल्या होत्या. रडल्या तर नव्हत्याच. भेटायला आलेल्या बायका रडून, चहा पिऊन जायच्या आणि ह्या कपबशा विसळत बसायच्या. गल्लीत कुणी म्हणे घट्ट बाई, कुणी म्हणे सुटली बिचारी.

पाच-सहा महिन्यांनी एका सकाळी तांदूळ धुताना आक्काताईंनी नवऱ्याचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला आणि डोळ्यांपुढं सूटवाला आला. टायसकट. त्यांनी डोळे गच्च मिटून परत आठवून बघितलं. मागं बर्फाचे डोंगरसुद्धा आले.

त्यांच्या हातातलं पातेलं तसंच राहिलं. माणूस गेला ते एक वेळ सोसलं, पण आता आठवणीतली जागाही ह्या परक्या माणसानं बळकावली म्हटल्यावर त्या घाबरल्या.

आक्काताईंचं माहेर सांगलीचं. वडील बाबगोंडा पेठेत रबरी शिक्के बनवायचे. हेडमास्तर, सरपंच, सोसायटीचे सेक्रेटरी, सगळ्यांची अक्षरं ते रबराच्या तुकड्यावर उलटी कोरायचे. लहानपणी आक्काताई त्यांच्याशेजारी बसून कोरायला शिकल्या. त्यामुळं त्यांना सरळ अक्षराच्या आधी उलटं अक्षर आलं. पहिलीत त्यांनी पाटीवर 'कमळ' असं लिहिलं की ते बाईंना आरसा धरून वाचावं लागलं. पुढं कॉम्प्युटरवर शिक्के निघायला लागले, दुकान बंद झालं, आणि वडिलांच्या कोरण्यांचा पत्र्याचा डबा आक्काताईंकडं आला. तो तीस वर्षं माळ्यावर पडून होता.

त्या दिवशी दुपारी त्यांनी डबा खाली काढला. कोरण्यांना धार केली. आता रबर पाहिजे. डब्यातलं रबर वाळून बिस्किटासारखं तुटत होतं. घरभर हिंडून त्या पायरीपाशी आल्या, तर बाकड्याखाली भूपालअण्णांच्या रबरी चपला होत्या. दहा नंबरच्या. एवढं मोठं पाऊल भावकीत कुणाचंच नसल्यानं त्या कुणाला देताही आल्या नव्हत्या.

सून प्रीती पलूसच्या शाळेत शिक्षिका. ती संध्याकाळी घरी आली, तर सासूबाई चपलेचे पट्टे काढून तळ घासत बसलेल्या. तिनं गोमटेशला आत बोलावलं.

"आत्ती चपला धुत्यात."

"धू देत की."

"तासभर धुत्यात. साबण लावून. आणि आता त्यावर पेन्सिलनं काहीतरी काढायल्यात."

गोमटेश म्हणाला, डॉक्टरला दाखवू. पण कोणत्या डॉक्टरला आणि तिथं जाऊन काय सांगायचं, हे दोघांनाही सुचेना. 'आई चपलेवर बाबांना काढते' हे वाक्य त्यानं दोनदा मनात म्हणून बघितलं आणि नाद सोडला.

डावी चप्पल वाया गेली. आठव्या दिवशी कोरणी घसरली आणि भूपालअण्णांचं नाक उडालं. आक्काताई इतक्या हळहळल्या की, "लागलं का हो?" असं त्यांच्या तोंडून गेलं. घरात त्या मोठ्यानं बोलल्याचं प्रीतीनं कित्येक दिवसांनी ऐकलं.

आता राहिली एकच चप्पल. उजवी त्यांनी तीन आठवडे कोरली. द्राक्षाच्या बागेत मजूर आलेले असले तरी दुपारचे दोन तास त्या कुणाला सापडायच्या नाहीत. प्रीतीनं शाळेच्या स्टॅम्पपॅडसाठी मिळते तसली शाईची बाटली पलूसहून आणून दिली. आक्काताईंनी कॅलेंडरचं पान पालथं घातलं, चपलेला कापसानं शाई लावली, चप्पल पानावर पालथी ठेवली आणि वरून लाटणं फिरवलं.

पान उचललं. टोपी तिरकी. दात एक कमी. मसावर तीन केस, एकूण एक. डोळे बारीक, आता काहीतरी वात्रट बोलणार असे.

मस मात्र डाव्या गालावर.

आक्काताईंनी कपाळावर हात मारला. अख्खं लहानपण उलटी अक्षरं कोरण्यात गेलं, पण अक्षरासारखा माणूसही उलटा होतो हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं. त्या पान चुरगळणार होत्या, पण त्यांचा हात थांबला. हा चेहरा चुकीचा वाटतच नव्हता. उलट इतका ओळखीचा वाटत होता की त्यांच्या अंगावर काटा आला.

मग त्यांना उमगलं. रोज सकाळी पडवीतल्या खांबाला आरसा टांगून अण्णा दाढी करायचे आणि आक्काताई मागं गरम पाण्याचा तांब्या घेऊन उभ्या असायच्या. दिवसभरात दोघांना एकमेकांकडं निवांत बघायला तेवढाच वेळ. तोंडाला फेस लावून ते आरशातल्या बायकोला वेडावायचे आणि ती आरशातल्या नवऱ्यावर डोळे वटारायची. चौतीस वर्षं तिनं त्यांना डोळे भरून बघितलं ते आरशातच. तिथं मस ह्याच बाजूला असायचा.

आक्काताई रडायला लागल्या. आवाज ऐकून गोमटेश गोठ्यातनं पळत आला, प्रीती पीठ लागलेल्या हातानं आली. आत दूध उतू गेलं. आईला हसू येतंय की रडू हे त्या दोघांना कळेना, कारण चपलेकडं बघितलं की ती हसायची आणि कागदाकडं बघितलं की रडायची.

बातमी लोणंदला पोचायला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी पद्माक्का दारात.

"माझ्या भावाचं तोंड चपलेवर?" पिशवी खाली न ठेवताच त्या म्हणाल्या. "वरनं सुरी लावलीस त्येला?"

"त्यांना कुठं लावली, वन्सं? त्यांच्या भवतीचं तेवढं काढलं. ते आपोआप ऱ्हायले."

आक्काताईंनी कागद पुढं केला. पद्माक्कांनी चष्मा पुसला, बघितलं, परत पुसला.

"ह्यो तर आता शिवी देईल."

"व्हय. म्हणून तर केला."

"आन् माझा फोटो का उलटा लावतीस? गोमट्यानं सांगितलंय मला."

"त्यो फोटो ह्यांचा न्हाई, वन्सं. ह्यांनी जन्मात सूट घातला न्हाई."

पद्माक्का बाकड्यावर बसल्या. मग पदराशी चाळा करत त्यांनी जे सांगितलं, ते आक्काताईंना लग्नानंतर इतक्या वर्षांत कधी कळलं नव्हतं. लग्न ठरल्यावर भूपाल सूट पाहिजे म्हणून दोन दिवस जेवला नव्हता. सांगलीच्या शिंप्याकडं जाऊन गुपचूप माप देऊन आला होता. वडील म्हणाले, "झूल बैलाला शोभती, तुला न्हाई." थोरली बहीण म्हणून पद्माक्कांनी त्याला कबूल केलं होतं, माझ्या हातात चार पैसे आले की तुला सूट मी शिवीन.

"शिवायचा ऱ्हाऊनच गेला बघ," त्या म्हणाल्या. "मग स्टुडिओवाल्यानं इचारलं, कपडे कसले घालू? मी म्हटलं, घाल."

मग आक्काताईंनी स्वतः उठून फ्रेम सरळ केली.

दुसऱ्या दिवशी पलूसच्या दुकानात दोघी दहा नंबरची चप्पल घ्यायला गेल्या. दुकानदारानं विचारलं, "कुनासाठी?" पद्माक्का म्हणाल्या, "सूट शिवायचाय." त्यानं चप्पल बांधून दिली. त्या चपलेवर भूपालअण्णा सूट घालून, पण मस आणि टोपीसकट निघाले. टाय कशी बांधतात हे दोघींनाही माहीत नसल्यानं ती जरा बैलाच्या कासऱ्यासारखी दिसते. पद्माक्कांनी तो कागद लोणंदला देवघराशेजारी लावला आणि मोठ्या समाधानानं सांगितलं, "सूट ढगळ झालाय. पण त्येला ढगळच आवडायचं."

प्रीतीनं दोन्ही ठसे आपल्या शिक्षकांच्या ग्रुपवर टाकले. ते फिरत फिरत साताऱ्याच्या ऋषिराजकडं गेले. हा तरुण मुलांना चित्रकला शिकवतो आणि घरातल्या एका खोलीत ठसेछपाई करतो. त्यानं आक्काताईंना बोलावून घेतलं. प्रीतीबरोबर त्या रेल्वेनं साताऱ्याला गेल्या. खोलीत दोन रूळ आणि एक मोठं चाक असलेलं यंत्र होतं.

"ह्यो तर उसाचा चरक," आक्काताई म्हणाल्या. "रस कुठनं येतो?"

ऋषिराजनं लिनोलियमचा, म्हणजे रबरासारख्या मऊ पत्र्याचा, कोरलेला तुकडा, शाई, कागद घालून चाक फिरवून दाखवलं. आक्काताईंना यंत्र पसंत पडलं, पण लाटण्यानं हाताला कळतं तसं ह्यात कळत नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. लिनोलियम मात्र त्यांना फार आवडलं. कोरणी लोण्यात गेल्यासारखी जायची. निघताना त्यांनी मोठी गुंडाळी मागून घेतली, आणि गावातल्या चपला वाचल्या.

ऋषिराजनं पुढं साताऱ्यात चित्रांचं प्रदर्शन भरवलं, त्यात ह्यांचे सात ठसे लावले. दहा प्रतींतली कितवी ते कळावं म्हणून प्रत्येक ठशाखाली त्यानं १/१०, २/१० असं लिहायला लावलं, तेव्हा त्या म्हणाल्या, "गणितासाठीच मी शाळा सोडली, तर ह्ये अपूर्णांक हितं पण आले." एका बाईंनी विचारलं, ह्या कलेतून तुम्हाला काय सांगायचंय? आक्काताईंनी थोडा विचार केला. "मस काढू नका," त्या म्हणाल्या.

हे वाक्य लोकांना लागलं असावं. कारण त्यानंतर कुंडलच्या घरी माणसं यायला लागली. कुणाच्या आईला स्टुडिओनं गुलाबाच्या बागेत बसवलेलं, कुणाच्या आजोबांना काळेभोर केस दिलेले. आमचं माणूस होतं तसं करून द्या म्हणायचे. आक्काताई फोटो बाजूला ठेवायच्या आणि विचारत बसायच्या. चिडल्यावर कसे दिसायचे? खोटं बोलताना कुठं बघायचे? झोपल्यावर तोंड उघडं का मिटलेलं? माणसं आधी संकोचायची, मग बोलायला लागायची, मग एकमेकांचं खोडून काढायची. एका घरातले दोन भाऊ बापाच्या मिशीवरून सोप्यातच भांडले, दोन वर्षांत पहिल्यांदा बोलले म्हणे. कोरणी हातात घेण्याआधी निम्मं काम असं होऊन जायचं.

गेल्या थंडीत म्हसवडकडचे सुभेदार हंबीरराव आले. फौजेतनं निवृत्त, ताठ कणा, कडक इस्त्री. बायकोचा फोटो आणला होता. स्टुडिओवाल्यानं तिच्या गळ्यात चार पदरी सोन्याची माळ घातलेली.

"ही माळ तिची न्हाई," ते म्हणाले. "माळ काढा. बाकी ओके."

"चेहरा बरोबर हाय का पण?" आक्काताईंनी विचारलं.

सुभेदारांनी चहा अर्धा प्याला. मग म्हणाले, "खरं सांगू ताई? मला सांगता येत न्हाई. चोवीस वर्षं बॉर्डरवर. सुट्ट्या मोजल्या तर तीन वर्षं न् काही महिने संगं ऱ्हायलो. पेन्शनीत आलो आन् ती गेली."

"मग डोळ्यांपुढं काय येतं?"

"पाठ," ते म्हणाले. "मी निघालो की ती पाठ करून चुलीपुढं बसायची. रडताना दिसू नये म्हणून. मी दारात उभा. सव्वीस वेळा बघितलीय. ती पाठ मी कुठंबी वळखीन."

आक्काताईंनी फोटो त्यांना परत दिला आणि आठ दिवसांनी या म्हणून सांगितलं.

आठ दिवसांनी सुभेदार बरोबर दहाला आले. आक्काताईंनी कागद पुढं ठेवला. चूल, चुलीपुढं बसलेली बाई, पाठमोरी, डावा खांदा जरा वर ओढलेला. सुभेदार खुर्चीवरून उठून उभे राहिले. कागद हातात घेतला नाही, वाकूनच बघत राहिले. प्रीती पाणी आणायला आत गेली.

मग त्यांनी बाईच्या केसांकडं बोट दाखवलं.

"आंबाडा ल्हान झालाय," ते म्हणाले.

"किती पायजे?"

त्यांनी मूठ वळून दाखवली. मग जरा विचार करून दोन्ही हातांची ओंजळ करून दाखवली.

"मग नवा कापाय लागंल. लिनोत मागनं काही वाढवता येत न्हाई, सुभेदार."

"कापा," हंबीरराव म्हणाले, आणि टोपी काढून बाकड्यावर ऐसपैस बसले. "आज मला कुठं जायचं न्हाई. मी सांगतो, तुमी कापा."