सोमतकाकांच्या खाडूचं रक्त

म्हशीच्या पोटावरून नुसता हात फिरवून ती कितव्या महिन्यात आहे हे सोमतकाका रबारी सांगायचे. कच्छमधल्या भचाऊच्या बाजारात एका व्यापाऱ्याने त्यांचे डोळे बांधून परीक्षा घेतली होती. सहा म्हशी, सहाही बरोबर. सातव्या खेपेला काकांनी हात लावला आणि म्हणाले, "हा रेडा आहे, आणि तू गाढव."

ही गोष्ट आमच्या वांढेत, म्हणजे रबाऱ्यांच्या वस्तीत, शेंबडं पोरही सांगतं. मी सांगतोय ती दुसरी गोष्ट कोणी सांगत नाही. तिच्यात सगळ्यांची लाज आहे, आणि सगळ्यात जास्त माझी.

काकांचं खाडू चाळीस म्हशींचं होतं. आमच्याकडे कळपाला खाडू म्हणतात, आणि माणसाची किंमत त्याच्या खाडूवरून होते, घरावरून नाही. काकांचं घर म्हणजे दोन भुंगे, मातीच्या गोल झोपड्या, आणि बाभळीच्या कुंपणाचा एक गुरांचा वाडा. पण चाळीस काळ्याभोर म्हशी पाण्यावर निघाल्या की रस्त्यातल्या ट्रकवालेही इंजिन बंद करून बघत.

वांढेच्या पश्चिमेला, कोसभरावर, जुन्या बॅटऱ्या वितळवून शिसं काढणारा कारखाना आला. वर्षातले आठ महिने वारा पश्चिमेचा. पहिल्या वर्षी काकांची अकरा पारडी गेली. मग मोठ्या म्हशी दात खाऊ लागल्या, कुडाला डोकं टेकवून तासन् तास उभ्या राहू लागल्या. डोळे सताड उघडे, पण समोरचा हौद दिसत नाही, त्यावरच आपटायच्या. गाभण म्हशी गाभडायच्या. चार वर्षांत चाळीसच्या एकोणीस राहिल्या.

मी सातवी नापास. पण कागद वाचायला मला कोणाच्या बापाची परवानगी लागत नाही. वाचून वाचून कळलं की शिसं धुरात पकडता आलं नाही तरी जनावराच्या रक्तात सापडतं. सापडलं की कंपनीला तोंड लपवायला जागा नाही. त्या एका तपासणीसाठी मी दोन वर्षं अर्ज केले, उपोषणाला बसलो, एका साहेबाच्या टेबलावरची काच फोडली. शेवटी आदेश निघाला: संयुक्त तपासणी, बारा म्हशींचं रक्त, एकदाच.

मी धावत काकांकडे गेलो. "काका, मंगळवारी येतायत. रक्तात शिसं निघालं की भट्टी बंद. बारा म्हशी तयार ठेवा."

"ठेवतो," काका म्हणाले.

एवढंच बोलणं झालं. कुठल्या बारा, हे मी बोललो नाही. ते काय सांगायचं, असं मला वाटलं.

मंगळवारी दोन गाड्या आल्या. एकीत पशुवैद्य डॉक्टर निमिषा चावडा, दुसरीत मी ज्यांची काच फोडली होती ते मोठे साहेब आणि कंपनीचा माणूस. कंपनीचा माणूस इस्त्रीच्या शर्टात. उतरल्या उतरल्या नाकाला रुमाल लावून म्हणाला, "अर्धा आजार तर या शेणानेच होत असेल."

माझं डोकं फिरलं. "शेणाने होत असता तर तुझ्या मेंदूला कधीच झाला असता." तिथून जे जुंपलं ते तासभर. साहेब मध्ये पडले, मी त्यांनाही घेतलं. रकाब्यांतला चहा गार झाला. वाड्याकडे माझी पाठ होती.

त्या पाठीमागे काय चाललं होतं ते मला नंतर पुरीने सांगितलं. पुरी ही काकांची सून. डॉक्टर वाड्यात शिरल्या, बारा म्हशींकडे पाहिलं आणि थबकल्या.

"काका, या तर तेल लावल्यासारख्या चमकतायत. आजारी कुठे आहेत?"

"आहेत त्या या, बेन."

"आंधळ्या झालेल्या दाखवा ना. लाजू नका."

"मी काय नवरी आहे लाजायला? बारा मागितल्यात, बारा उभ्या आहेत. चहा घ्या, मग टोचा."

डॉक्टरांनी मानेच्या खोबणीत अंगठा दाबला, शीर फुगली, सुई घातली. जांभळ्या झाकणाच्या नळीत रक्त भरलं, की नळी हळूच आठ-दहा वेळा उलटीसुलटी करायची, मग बर्फाच्या डब्यात. अशा बारा नळ्या. पंचनाम्यावर काकांनी अंगठा दिला: या म्हशी माझ्या. मीही साक्षीदार म्हणून सही ठोकली, भांडणाच्या तारेत, न वाचता. आयुष्यात न वाचता केलेली माझी ती एकच सही.

तीन आठवड्यांनी अहवाल आला. शिशाचं प्रमाण नगण्य. रक्त चांगलं, हिमोग्लोबिन चांगलं, पेशी चांगल्या. बारा जनावरं निरोगी. मी तो कागद घेऊन काकांच्या खाटेपाशी गेलो आणि ओरडलो की प्रयोगशाळा विकली गेली.

काकांनी शांतपणे ऐकून घेतलं. "निरोगीच आहेत त्या," म्हणाले. "करमणच्या म्हशी कधी आजारी पडत नाहीत."

करमण त्यांचा साडू. वीस कोस पूर्वेला राहतो. तिथपर्यंत ना हा वारा जातो, ना हा धूर.

मी खाली बसलो. "काका, तुम्ही करमणच्या म्हशी उभ्या केल्यात?"

"आठ त्याच्या. चार माझ्या, पण त्याही सालभर त्याच्याकडेच ठेवलेल्या."

"आणि आपल्या?"

"पुरीने पहाटेच बाभळीत नेल्या होत्या." मग ते माझ्याकडे असे बघू लागले, जणू वेडा मीच आहे. "अरे अरजण, आजाऱ्याचं रक्त काढतं का कोणी? आपली ढेल म्हैस उभी राहिली की पाय लटपटतात तिचे. तिच्यात आहेच किती रक्त, ते पण तुझ्या नळीत ओतू? आणि परकी माणसं वाड्यात येणार, त्यांना मी हाडांचे सापळे दाखवू? माझ्या बापाने नाही दाखवले, संवत छप्पनच्या दुष्काळाच्या गोष्टी सांगणाऱ्या आज्याने नाही दाखवले."

"पण शिसं तर त्यांच्यात आहे ना."

"शिसं हवेत आहे. तू म्हणालास, रक्तावरून कळतं. मला वाटलं, चांगलं रक्त दिलं तर यंत्राला नीट कळेल."

जीवीमा, म्हणजे काकू, चुलीपाशी रोटला थापत होत्या. थापायच्या थांबल्या. पुरी पदर तोंडावर धरून बाहेर गेली. मला शिव्या आठवत होत्या, पण द्यायच्या कोणाला? जो माणूस पाहुण्याला पहिलं लोणी आणि साहेबाला पहिली म्हैस दाखवत जगला, त्याला मी एक ओळ समजावून सांगितली नव्हती. मी, जो सगळ्या तालुक्याला कायदा समजावतो.

कानात सरकारी नंबराचे पिवळे बिल्ले असते तर निदान म्हशी कोणाच्या ते कळलं असतं. पण बिल्लेवाले आले तेव्हा काका आणि करमण दोघांनीही त्यांना हाकललं होतं. म्हशीच्या कानाला भोक पाडू द्यायचं नाही. तेव्हा मी टाळ्या वाजवल्या होत्या.

आम्ही फेरतपासणीचा अर्ज घेऊन साहेबांच्या कचेरीत गेलो. साहेबांनी अर्ज वाचला, चष्मा काढला.

"म्हणजे पंचनाम्यावर अंगठा खोटा?"

काकांनी आपल्या अंगठ्याकडे पाहिलं.

"आणि साक्षीदार तूच. अरजण, काच फोडलीस तेव्हा सोडलं तुला. आता हा अर्ज मी दाखल करून घेतला, तर पहिला गुन्हा या म्हाताऱ्यावर, दुसरा तुझ्यावर. घेऊ?"

काकांनी अर्ज टेबलावरून उचलला, चार घड्या घालून पागोट्यात खोचला. "चल," एवढंच म्हणाले. बाहेर पायरीवर मी म्हणालो, होऊ दे गुन्हा, लढू. काका म्हणाले, "लढलास की तू. आता म्हशींना पाणी दाखवायची वेळ झाली."

डॉक्टर चावडांना फोन केला. त्या म्हणाल्या, "मला वाटलंच होतं, अरजणभाई. मी तुम्हाला बाजूला घेऊन बोलणार होते. तुम्ही भांडत होतात." सरकारी सील नसलेली नळी ती प्रयोगशाळा घेत नाही, हेही त्यांनीच सांगितलं. तरी पुढच्या फेरीला त्यांनी मला दोन नळ्या आणि एक सुई दिली. का दिली, ते मी विचारलं नाही.

त्या नळ्या घेऊन मी काकांकडे गेलो होतो. ढेल, म्हणजे लांडोर, हे नाव तिच्या चालीवरून पडलेलं. ती तेव्हा पूर्ण आंधळी होती आणि फक्त काकांच्या हाकेवर चालायची. काकांनी तिच्या मानेवर हात आडवा धरला. "नाही. ती सुधारली की काढ."

कारखान्याने अहवालाची मोठी प्रत फाटकावर लावली आहे, काचेत. यंदा दुसरी भट्टी पेटली. खाडू तोवर ढेल धरून चारवर आलं होतं. जीवीमा म्हणायच्या, उरलेल्या करमणकडे पाठवू. काका म्हणायचे, "तिथे त्यांना कोण ओळखतं?" आणि करमणही आता टाळतो. आपल्या खाडूला काही लागेल, अशी भीती त्याला. त्यात त्याचं चूक नाही.

गेल्या थंडीत एका सकाळी पुरी मला बोलवायला आली. ढेल वाड्यात आडवी पडली होती, पाय ताठ, पोट फुगलेलं. पहाटेच्या आधीच गेली असावी. काका तिच्या डोक्यापाशी उकिडवे बसले होते. वर न बघताच म्हणाले, "ती नळी आहे का रे अजून?"

"आहे."

"आण. आता काढ. आता तिला रक्त लागायचं नाही."

मी घरून नळी आणली. डॉक्टरांचं पाहून शिकलो होतो. खोबणीत अंगठा दाबला, शीर फुगली नाही. सुई घातली. काही आलं नाही.

"येत नाही, काका. गोठलंय."

"पुन्हा टोच."

मी पुन्हा टोचली. मग दुसऱ्या बाजूने. काका माझ्या हाताकडे बघत राहिले. म्हशीच्या पोटावर हात फिरवताना ते बघायचे, तसेच.

दुपारी पुरीने उरलेल्या तीन म्हशी सोडल्या आणि पश्चिमेला नेल्या. चरायला तेवढंच रान आहे.